शब्दांचें कुलवृत्त : ‘जर्मेन’

परवां जेवतांना आम्ही एक जुनी हकीकत सांगूं लागतांच नातू म्हणाला, “आजोबा, हें ‘जर्मेन’ नाहीं.” जें विषयाला धरून असेल, तें जर्मेन. मूळ लॅटिन ‘गेर्मानुस’ म्हणजे सख्खा, एका आईबापांचा; भाऊ या अर्थाचा स्पॅनिश ‘एर्मानो’ हा त्याचाच वंशज. फ्रेंचमधून इंग्रजींत आल्यावर या शब्दानें आधीं माणसांचें नातें दाखविलें, मग मुद्द्यांचें. सुमारें १६०० च्या ‘हॅम्लेट’ नाटकांत हा दुसरा अर्थ आढळतो. आपल्या ‘संबंध’ शब्दांतही दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

नातवाचें म्हणणें खरें होतें. आम्हीं हकीकत आवरली. परंतु बोलणें विषयाचें सख्खें नसलें, तरी बोलणारा घरचा सख्खा असतो, एवढें मुलांनीं ध्यानांत ठेवावें.