मिटवून घेतील आपापलं?

पहिल्या वर्षी हॉस्टेलवर आम्ही चौघं अनोळखी एका खोलीत आलो. पंधरा दिवस बादलीवरून आणि पंख्याच्या स्पीडवरून भांडलो, मग जमलं. त्यामुळं 'एकत्र टाका, मिटवून घेतील आपापलं' हा सिद्धांत आपल्याला पाठच असतो. मलाही होता. त्यापायी आमच्या घरचं एक मांजर गेलं.

घर जत तालुक्यात, वस्तीवर. राखणीला राजा, कारवान जातीचा. (त्याच्याच भावकीतल्या मुधोळ कुत्र्यावर टपाल खात्यानं 2005 साली तिकीट काढलं, हे अण्णा येईल त्याला सांगतात.) ही कुत्री नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करणारी. काही पळताना दिसलं की पाय आधी सुटतात, विचार मागून येतो. शेजारच्या वस्तीवरून आणलेलं पिल्लू मी अंगणात सोडलं, ते घाबरून पळालं. पुढचं सांगत नाही. सगळे म्हणाले, कुत्र्यामांजराचं विळ्याभोपळ्याचं सख्य, चालायचंच. राजाला रट्टे बसले. खरं तर ते मला बसायला हवे होते.

पुढच्या उन्हाळ्यात कोरड्या विहिरीतून मांजराचा आवाज आला. टोपली सोडून वर काढलं. मोठी मांजरी, नुसती हाडं. काढताना तिनं हात ओरबाडला, म्हणून पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुतला आणि रेबीजचं इंजेक्शन घेतलं. हे घ्यायचंच, मांजर कितीही गरीब दिसू दे. तिलाही डॉक्टरांकडं नेलं.

अण्णा म्हणाले, "सोड की अंगणात, दोन दिस गुरगुरतील." या वेळी मी ऐकलं नाही. एसओएमच्या पेपरात आपण लिहितो ना, तोच भार हळूहळू न देता एकदम दिला तर ताण दुप्पट येतो? तसंच आहे हे. आठ-दहा दिवस ती धान्याच्या खोलीत. तिच्या अंगाखालचं पोतं राजाच्या जागेवर, त्याचं तिच्या खोलीत. वास ओळखीचा झाल्यावर दाराची फट. मग राजा साखळीला आणि ती मोकळी, पाच मिनिटं, बास.

माझा मुद्दा इथं आहे. सगळे मांजराला धीर द्यायला धावतात. शिकवणी पाहिजे ती कुत्र्याला. ती दिसूनही राजा बसून राहिला की त्याला भाकरीचा तुकडा. उठला की काही नाही, रट्टाही नाही. मार बसला तर मांजर दिसणं म्हणजे मार, एवढंच तो शिकेल. आणि मांजराला पाहिजे उंची. कणगीवर चढून तिथून ती त्याला तासन् तास न्याहाळायची, आणि वरून पाहणारं मांजर पळत नाही.

तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 साली एका घरात राहणाऱ्या कुत्र्यामांजरांचा अभ्यास मांडला. लहान वयात ओळख झाली आणि मांजर घरात आधी आलं असेल तर जास्त चांगलं जमतं, असं त्यांना दिसलं. शिवाय बहुतेकांना एकमेकांची भाषा कळायला लागते. कुत्र्यानं शेपूट हलवली तर खुशी, मांजरानं हलवली तर चीड, म्हणजे गैरसमजाला जागा भरपूर. आमच्याकडं दोघंही थोराड आणि कुत्रा आधीचा. म्हणून तीन महिने लागले. अजून एका ताटलीत खात नाहीत. त्याची गरजही नाही. घरी कुणी नसलं की ती धान्याच्या खोलीत, दार बंद, हा नियम अजून आहे.

हे आत्ता लिहायचं कारण, परवा आपल्या विंगमधल्या पोरांनी नाल्यातून एक पिल्लू काढलं. शाबास. पण लगेच 'वॉचमनकाकांच्या कुत्र्यापुढं ठेवू, बघू काय होतंय' अशी टूम निघाली, आणि एकजण तापासाठी त्याला क्रोसिन द्यायला निघाला. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, पाव गोळीसुद्धा. पिल्लू सध्या आमच्या खोलीत, ड्रॉईंग बोर्डाच्या आडोशाला आहे. काकांच्या कुत्र्याखालचं एखादं जुनं पोतं मिळालं तर आणून द्या. रूम नंबर सगळ्यांना माहीत आहेच, ओरडणं ऐकू येतंय.