हात वर करून फाशी नको



'रुस्तम' (२०१६) टीव्हीवर लागला की आमच्या चिखलीत एक वाक्य हमखास ऐकू येते. "नानावटीला ज्युरीने सोडले म्हणून सरकारने ज्युरीच बंद केली. ती परत आणा, लोकांनाच न्याय करू द्या." पुतण्यानेही परवा फोनवर हेच सुनावले. त्याला व इतरांना हे उत्तर.

आधी वस्तुस्थिती. ज्युरी बंद करावी अशी शिफारस विधि आयोगाने १९५८ साली, म्हणजे नानावटी खटल्याच्या आधीच केली होती. ज्युरी पुरती गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. तेव्हा सारे खापर एका खटल्यावर फोडू नका.

माझा मुद्दा वेगळाच आहे. ज्युरी असावी की नसावी यापेक्षा, निकाल एकमताने व्हावा की बहुमताने, हा खरा प्रश्न. आपल्याकडे नऊ जणांच्या ज्युरीत सहा एका बाजूला झाले आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत असले की काम भागत असे. याची फळे पाहा.

१८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला कायदा समजावताना सांगितले, की 'डिसअफेक्शन' म्हणजे प्रेमाचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नाही, एवढ्यानेच माणूस गुन्हेगार! असा अर्थ हाती दिल्यावर निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला आणि टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ साली न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे सात विरुद्ध दोन, आणि शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची. मंडाले! एकमताची अट असती तर या दोन्ही निकालांवर त्यांना तुरुंगात धाडताच आले नसते.

आता नानावटी. १९५९ साली ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. झटापटीत गोळी चुकून सुटली असे आरोपी म्हणत असेल तर ते दाखवून देण्याचा भार त्याच्यावर असतो, हे ज्युरीला नीट सांगितलेच गेले नव्हते, असे वरच्या न्यायालयांना आढळले. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. म्हणजे त्या नऊ जणांत बरोबर कोण निघाला? एकटा पडलेला तो नववा!

दोन्हीकडे धडा एकच. समजावणाराच चुकला की बहुमत मोठ्या आत्मविश्वासाने चुकते. अशा वेळी न पटलेल्या एकट्याचे 'नाही' हाच शेवटचा आधार असतो.

"ज्युरी गेली, आता उगाच हे कशाला?" असे म्हणाल. पण बहुमत गेलेले नाही. दिल्लीतील १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. एम. बी. शहा यांनी देविंदरपालसिंग भुल्लर यांना निर्दोष मानले, तरी इतर दोघांच्या मताने फाशी कायम झाली. पुढे २०१४ साली, दयेच्या अर्जाला झालेला विलंब आणि आजार पाहून, तिची जन्मठेप झाली. ते दोषी होते की नव्हते यावर मी बोलत नाही. पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींना शंका वाटते, आणि कायदा म्हणतो शंका उरली नाही, हे कोणते गणित? उच्च न्यायालयात दोघांचे दुमत झाले की तिसऱ्याच्या मताने निकाल लागतो. २०२३ च्या नव्या संहितेतही तेच राहिले आहे.

एकमताच्या अटीने एखादा हट्टी किंवा विकला गेलेला माणूस खटला अडवील, हा आक्षेप खरा आहे. इंग्लंडने १९६७ पासून बारापैकी दहांचे मत पुरेसे मानले. उलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली लुइझियानाची दहा-दोनची पद्धत मोडून गंभीर गुन्ह्यांना एकमत सक्तीचे केले. अडलेला खटला पुन्हा चालवता येतो हो, लटकवलेला माणूस परत आणता येत नाही.

शाळेत सहल कुठे न्यायची ते आम्ही हात वर करायला लावून ठरवत असू. पण वर्गात चोरी कोणी केली हे कधी हात मोजून ठरवले नाही.

म्हणून म्हणतो, ज्युरी परत आणण्याचा नाद सोडा. मागायचेच असेल तर एवढे मागा, की एकाही न्यायमूर्तींनी निर्दोष म्हटले असेल तर त्या माणसाला फाशी नको. फार तर जन्मठेप द्या.

ज्यांना पटत नाही त्यांनी खाली जरूर लिहावे. पुतणेबुवा, तुम्हीसुद्धा!