नाव नको, प्रमाण लिहा

पावडरच्या दुधाचा कोणता डबा चांगला, असे पालकांनी बालरोगतज्ज्ञांना विचारावे यात नवल नाही. परंतु तोच प्रश्न आता तालुक्याच्या ठिकाणी व्यवसाय करणारे आपल्या संघटनेचे सभासद या मासिकाला विचारू लागले आहेत, ही गोष्ट काळजी वाटावी अशी आहे. अलीकडे आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर सारखाच आहे. प्रसूतिगृहातून सुटी मिळताना डिस्चार्ज कार्डावर एका डब्याचे नाव लिहिलेले असते, तो का सुरू केला, किती दिवस द्यायचा आणि कसा कालवायचा याविषयी मात्र एक अक्षरही नसते, आणि दोन महिन्यांनी तेच बाळ वजन वाढत नाही म्हणून दुसऱ्याच डॉक्टरांकडे येते.

कोणता डबा, या प्रश्नाचे उत्तर वास्तविक फार मोठे नाही. जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतच्या शिशुसूत्राची, म्हणजे आईच्या दुधाला पर्याय म्हणून तयार केलेल्या पावडरीची घटकमर्यादा कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या शिशुपोषण नियमांत ठरवून दिलेली आहे. कोडेक्सनुसार तयार दुधात दर १०० मिलिलिटरला ६० ते ७० किलोकॅलरी ऊर्जा आणि दर १०० किलोकॅलरीमागे १.८ ते ३ ग्रॅम प्रथिने असावी लागतात. त्यामुळे नियमात बसणारे दोन डबे मुदतीच्या निरोगी बाळासाठी जवळपास सारखेच ठरतात, आणि किमतीतला फरक प्रामुख्याने डीएचए, प्रोबायोटिक अशा जोडीच्या घटकांचा व त्यांच्या नावाने होणाऱ्या प्रचाराचा असतो. डीएचए या स्निग्धाम्लामुळे मुदतीच्या बाळाची बुद्धी वा दृष्टी सुधारते, असे अभ्यासांतून सातत्याने दिसलेले नाही. डब्यावरच्या, वयाचा टप्पा दाखवणाऱ्या १, २, ३, ४ या आकड्यांचे महत्त्व तर त्याहूनही कमी आहे. सहा महिन्यांनंतरचे फॉलो-अप सूत्र आवश्यक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितले होते. २०२३ च्या पूरक आहाराच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अंगावर न पिणाऱ्या बाळाला सहा ते अकरा महिन्यांत सूत्र किंवा प्राण्याचे दूध यांपैकी काहीही चालते आणि वर्षानंतर प्राण्याचे दूध द्यावे. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाचा डबा लिहून देण्यास शास्त्रीय आधार उरत नाही.

विशेष सूत्रांचा मुद्दा वेगळा आहे, पण तेथेही निदान आधी आणि डबा नंतर हा क्रम सुटू नये. गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी ठरली तर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले, म्हणजे पूर्ण जलविघटित सूत्र द्यावे लागते, आणि तीव्र प्रकारात अमिनो आम्लांचे. अंशतः जलविघटित सूत्र या ॲलर्जीवर उपचार म्हणून चालत नाही. गॅलॅक्टोसेमियात, म्हणजे गॅलॅक्टोजचे चयापचय न होण्याच्या जन्मजात दोषात, सोया सूत्राला खरी जागा आहे. परंतु साध्या जुलाबात किंवा बाळ संध्याकाळी रडते एवढ्यावरून लॅक्टोजविरहित डबा लिहिण्याची प्रथा पडली आहे, तिचे समर्थन करता येत नाही. आईच्या दुधातच दर १०० मिलिलिटरला सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज असते आणि जन्मजात लॅक्टेज-अभाव अत्यंत विरळा आहे.

खरा प्रश्न कालवण्याचा आहे. पाच किलो वजनाच्या, फक्त पावडरच्या दुधावर असलेल्या बाळाला किलोमागे १५० मिलिलिटर या हिशेबाने दिवसाला ७५० मिलिलिटर दूध लागते. त्यासाठी साधारण १०० ग्रॅम पावडर खर्च होते, म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो आणि महिन्याला सात ते आठ डबे लागतात. हा हिशेब चिठ्ठी लिहिताना कोणी सांगत नाही. मग रोजंदारीवरचे कुटुंब तो डबा आठ दिवस पुरवते, एका मापाला ३० ऐवजी ६० मिलिलिटर पाणी घालते, आणि बाळाचे पोट भरलेले दिसत असले तरी त्याला १०० मिलिलिटरमागे ६७ ऐवजी जेमतेम ३३ किलोकॅलरी मिळतात. उलट एखादी आजी बाळाने लवकर बाळसे धरावे म्हणून माप शिगोशीग भरते, तेव्हा दूध घट्ट होऊन रक्तातील सोडियम वाढण्याचा धोका निर्माण होतो. त्यात पावडर निर्जंतुक नसते, हेही अनेकांना ठाऊक नसते. क्रोनोबॅक्टर साकाझाकी या जंतूचा धोका लक्षात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात पावडर कालवण्यास आणि तयार दूध दोन तासांत वापरून उरलेले टाकून देण्यास सांगितले. तरीही कित्येक डब्यांवर पाणी कोमट होऊ देण्याची सूचना आढळते.

ही सूचना, बरोबर असो वा चूक, बाळाच्या आईला वाचता येईल अशी कोणाचीच सक्ती नाही. अन्नपदार्थांच्या लेबलाच्या सर्वसाधारण नियमानुसार अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असला की पुरतो, अन्य भाषा उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेली आहे. दुकानाच्या पाटीचे मात्र तसे नाही. दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने राज्यातील लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना ती लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. म्हणजे औषधाच्या दुकानाचे नाव मराठीत नसेल तर दंड होतो, पण त्याच दुकानातून विकल्या जाणाऱ्या ज्या डब्याचे माप चुकल्यास तान्हे बाळ कुपोषित होऊ शकते, त्या डब्यावरची कृती मराठीत नसली तर कोणाचेही काही बिघडत नाही. पाट्यांची उंची मोजत फिरणाऱ्या यंत्रणेने एकदा फळीवरचे डबे हातात घेऊन पाहण्यास हरकत नसावी.

शिशु दुग्धपर्यायांच्या जाहिरातीवर बंदी घालणारा १९९२ चा कायदा २००३ मध्ये कडक करण्यात आला आणि दोन वर्षे वयापर्यंतची सर्व सूत्रे त्याच्या कक्षेत आली. मात्र जाहिरातबंदी मोडल्यास होणाऱ्या दंडाची कमाल मर्यादा ५,००० रुपयेच राहिली. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद कागदावर आहे. अधिकाऱ्यांवर बोट ठेवताना व्यावसायिकांनीही याच कायद्याचे कलम ९ पुन्हा वाचावे, कारण परिसंवाद, परिषद, अभ्यासक्रम किंवा संशोधन यांसाठी उत्पादकाने डॉक्टरांना वा त्यांच्या संघटनांना निधी देणे त्यात स्पष्टपणे निषिद्ध आहे. प्रायोजकाचे नाव बदलून, ‘पोषण’ या शब्दाच्या आडून तोच निधी स्वीकारणाऱ्या संघटनेच्या शाखांना हे माहीत नाही असे मानणे कठीण आहे. ज्यांना डब्याच्या गुणांची माहिती केवळ कंपनीच्या प्रतिनिधीकडून मिळते, त्यांची चिठ्ठीही त्याच प्रतिनिधीच्या भाषेत लिहिली जाते.

तेव्हा सभासदांनी शासकीय परिपत्रकाची वाट पाहू नये. शक्य तेथे स्तनपान तज्ज्ञ परिचारिकेने एक पाजणे प्रत्यक्ष पाहावे, आणि ‘दूध पुरत नाही’ या आईच्या शब्दांची वजनाच्या आलेखाशी पडताळणी झाल्याशिवाय डब्याचा विषय काढू नये. अकाली जन्मलेल्या बाळासाठी दुग्धपेढीतील दात्या मातेचे दूध मिळते का, हे आधी विचारावे; शीव रुग्णालयात १९८९ पासून अशी पेढी आहे, आणि तरीही जिल्ह्यांतील अनेक प्रसूतिगृहांना जवळची पेढी कोणती हे सांगता येत नाही. डबा द्यावाच लागला, तर कार्डावर व्यापारी नावाऐवजी सूत्राचा प्रकार, सुरू करण्याचे कारण, एका सपाट मापाला किती पाणी, दिवसाचे एकूण प्रमाण, महिन्याला लागणारे डबे आणि फेरतपासणीची तारीख मराठीत लिहावी, आधी पाणी व मग पावडर हा क्रम आईकडून एकदा करवून घ्यावा, आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा घरातले बोंडले वापरण्यास सांगावे. ज्या डब्यावर मराठी मजकूर नाही किंवा बाळाचे चित्र छापलेले आहे, त्याचे छायाचित्र, बॅच क्रमांक आणि खरेदीची पावती यांसह लेखी तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात नोंदवून तिची पोच घ्यावी, आणि पोचेची एक प्रत या मासिकाकडे पाठवावी. पुढील अंकापासून अशा तक्रारी जिल्हावार, कार्यालयाच्या उत्तरासह किंवा उत्तराविना, छापल्या जातील.