फोटोखाली दोन ओळी हव्यातच




चांगल्या छायाचित्राला खुलासा लागतच नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत निम्मेच पटते. प्रकाश, चौकट, क्षणाची निवड यांची पारख मजकुराविनाच व्हावी. हृदयद्रावक टीप आधी वाचली की परीक्षक फोटोतले दोष पोटात घालतो. पण वन्यजीवांचे किंवा बातमीचे छायाचित्र घटनेबद्दल दावाही करते.

उदाहरणार्थ, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या जंगलात ‘अवनी’ (टी-१) वाघीण गोळीने मारली गेली. मांडीत बेशुद्धीचा डार्ट रुतलेल्या तिच्या मृतदेहाचा फोटो पाहून कोणीही म्हणेल, आधी डार्ट मारला, मग नाइलाजाने गोळी. तो डार्ट नंतर हाताने खोचला असावा, अशी शंका शवविच्छेदनानंतर पुढे आली. फोटो तोच, अर्थ उलटा!

म्हणून समीक्षेसाठी फोटो आधी नुसताच दाखवावा, मते घ्यावीत. मग तारीख, परिसर, परिस्थिती सांगावी. टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघाचा नेमका पाणवठा मात्र, शिकारीच्या धोक्यामुळे, सांगू नये. बघणाऱ्याला काय वाटावे हे छायाचित्रकाराने सांगू नये; काय घडले, हे सांगायलाच हवे.

— एक वाचक, पांढरकवडा (जि. यवतमाळ)