तिचं नाव लोटे

'वन लाइफ' पाहिलाय? अँथनी हॉपकिन्सचा, २०२३ मध्ये आलेला. सिनेमा राहिला असेल, तर तो ज्यावर बेतलाय ती खरीखुरी क्लिप तरी तुमच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेलीच असेल. बीबीसीचा स्टुडिओ, साल १९८८. पहिल्या रांगेत निकोलस विंटन नावाचे साधेसुधे आजोबा बसलेत. १९३९ मध्ये त्यांनी प्रागहून ६६९ मुलांना ब्रिटनला आणलं आणि नंतर जवळपास पन्नास वर्षं त्याबद्दल फारसं कुणाला सांगितलंच नाही. सूत्रसंचालिका विचारते, या माणसामुळे जीव वाचलेलं कुणी इथं आहे का? आणि आजोबांच्या मागच्या रांगाच्या रांगा उभ्या राहतात!

डोळे पुसायचे, चार ग्रुप्सवर फॉरवर्ड करायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. आपण सगळे तेच करतो. त्यात चूक काहीच नाही. पण अशी क्लिप पाहिली की वाटतं, मुलं गाडीत बसली, ब्रिटनला पोचली, म्हणजे गोष्ट संपली. हॅपी एण्डिंग!

आजची गोष्ट त्यानंतरची आहे. विंटनच्या गाड्यांमधली नाही, पण त्याच वर्षी जर्मनीतून निघालेल्या अशाच एका गाडीतली. तिचं नाव लोटे. ती पोचली, वाढली आणि पस्तिसाव्या वर्षी गेली. तिच्यासाठी कुठल्याही स्टुडिओत कुणी उभं राहिलं नाही.

आधी थोडा इतिहास. बोअर करणार नाही, प्रॉमिस. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियात एका रात्रीत ज्यूंची दुकानं फोडली गेली, सिनेगॉग जाळली गेली. त्यानंतर ब्रिटनने ठरवलं, सतरा वर्षांखालच्या मुलांना येऊ द्यायचं. फक्त मुलांना, आईबापांना नाही. शिवाय प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी हवी. सोबत एक छोटी बॅग, गळ्यात नंबराचा बिल्ला. युद्ध सुरू होईपर्यंतच्या नऊ-दहा महिन्यांत जवळपास दहा हजार मुलं अशी आली. 'किंडरट्रान्सपोर्ट' म्हणतात ते हेच. त्यातल्या बहुतेकांना आईवडील पुन्हा कधी दिसले नाहीत.

म्युनिकच्या श्वाबिंग भागात ज्यू मुलांचं एक वसतिगृह होतं. १७ मे १९३६ ला जन्मलेल्या दोन जुळ्या बहिणी तिथं राहायच्या. सुसी आणि लोटे बेखहोफर. आई रोझा ज्यू. लग्न झालेलं नव्हतं, लोकांच्या घरी काम करून पोट भरायची. वडील ज्यू नव्हते, आणि ते सोबतही नव्हते. १९३९ च्या मे महिन्यात, तिसऱ्या वाढदिवसाच्या आसपास, या दोघी लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर उतरल्या.

मागे राहिलेल्यांचं काय झालं? नोव्हेंबर १९४१ मध्ये म्युनिकहून एक गाडी लिथुआनियातल्या कौनासला गेली. त्या वसतिगृहातली काही मुलंही तिच्यात होती. पोचल्यावर काही दिवसांत गाडीतल्या सगळ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. १९४३ मध्ये रोझाला आउशवित्झला पाठवलं. ती परतली नाही. म्हणजे त्या मे महिन्यात ब्रिटनची गाडी मिळाली नसती तर सुसी आणि लोटेचं काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको. त्या वाचल्या, हे शंभर टक्के खरं.

पण कोण वाचलं? प्रश्न विचित्र वाटेल, पण थांबा जरा.

वेल्समधल्या कार्डिफच्या एका बाप्टिस्ट पाद्र्याने आणि त्याच्या बायकोने दोघींना दत्तक घेतलं. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. या दोघींचं तिसऱ्या वर्षी दुसरं बारसं झालं. सुसीची झाली ग्रेस, लोटेची झाली युनिस. आडनाव नवं, धर्म नवा, भाषा नवी. तीन वर्षांच्या मुलाला पहिली भाषा विसरायला फार महिने लागत नाहीत. म्युनिक, वसतिगृह, आई... घरात यातलं काही बोललंच जायचं नाही.

तो काळच तसा होता, असं आपण म्हणू शकतो. दत्तक मुलाला मागचं काही सांगू नये, म्हणजे ते इथं रुजतं, असं बऱ्याच भल्या माणसांना मनापासून वाटायचं. इंग्लंड-वेल्समध्ये दत्तक गेलेल्यांना मोठं झाल्यावर आपला मूळ जन्मदाखला मागायचा हक्क १९७५ च्या कायद्याने मिळाला. लोटेचा दाखला म्युनिकचा, त्यामुळे तो या कायद्याने तिच्या हाती पडलाच असता असं नाही. पण हवा कशी होती ते कळतं. शिवाय या घरातली गोष्ट फक्त गप्प बसण्याची नव्हती. दत्तक वडिलांनी आपलं लैंगिक शोषण केलं, हे सुसीने पुढे जाहीरपणे सांगितलं. जीव वाचवणं आणि मूल सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

ग्रेसला खरं नाव कळलं ते शाळेत. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. मुख्याध्यापिकेने सांगितलं, पेपरवर तुला तुझं खरं नाव लिहावं लागेल, सुसी बेखहोफर. विचार करा, तुमच्या हॉल तिकिटावर भलतंच नाव आहे, आणि मॅडम म्हणतायत की तीच तू!

आणि युनिस? म्हणजे लोटे? तिच्या मेंदूत ट्यूमर झाला. पस्तिसाव्या वर्षी, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, ती गेली. हा कॉलम वाचणाऱ्यांपैकी अनेकजण आत्ता त्याच वयाला टेकलेत. पस्तीस म्हणजे होम लोनचे पहिले काही हप्ते.

मास कॉमला असताना आम्हाला बातमीचा पाढा घोटून घ्यायचे. कोण, काय, कधी, कुठे. श्रद्धांजलीचा मजकूर तर सगळ्यात सोपा समजला जायचा, कारण चारही उत्तरं हाताशी असतात. लोटेच्या बाबतीत मात्र गाडी पहिल्याच प्रश्नावर अडते. कोण गेलं? पाद्र्याची मुलगी युनिस? की रोझाची मुलगी लोटे? ज्यू की ख्रिश्चन? जर्मन की वेल्श?

हे सगळं आपल्याला आज कळतंय ते सुसीमुळे. ती नर्स झाली, लग्न झालं, आई झाली. १९८० च्या दशकाच्या शेवटी किंडरट्रान्सपोर्टची मुलं, म्हणजे तोवर पन्नाशी-साठीची झालेली माणसं, पहिल्यांदाच मोठ्या संख्येने एकत्र येत होती, बोलत होती. त्याच सुमाराला सुसीने आपला शोध सुरू केला. तोवर लोटेला जाऊन पंधरा वर्षं उलटून गेली होती. आई कोण होती, तिचं काय झालं, आपण त्या गाडीत कशा बसलो... जी उत्तरं दोघींची होती, ती एकटीला मिळाली. बीबीसीने तिच्यावर डॉक्युमेंटरी केली. १९९६ मध्ये 'रोझाज् चाइल्ड' हे पुस्तक आलं. ग्रेस पुन्हा सुसी बेखहोफर झाली.

आता या गोष्टीतला ट्विस्ट. डब्ल्यू. जी. झेबाल्ट हे जर्मन साहित्यातलं मोठं नाव. २००१ मध्ये त्यांची 'ऑस्टरलिट्झ' ही कादंबरी आली. नायक प्रागहून किंडरट्रान्सपोर्टने येतो, वेल्समधल्या एका धर्मोपदेशकाच्या घरी वेगळ्या नावाने वाढतो, आणि खरं नाव त्याला परीक्षेच्या वेळी शाळेत कळतं. ओळखीचं वाटतंय? टीव्हीवर पाहिलेल्या एका बाईची गोष्ट आपल्या डोक्यात होती, हे झेबाल्टनेही मुलाखतीत मान्य केलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो गेला. २००२ मध्ये सुसीने 'संडे टाइम्स'मध्ये लेख लिहून आपली बाजू मांडली. माझं आयुष्य वापरलंत, निदान तसं सांगा तरी, अशी तिची तक्रार होती.

कादंबरी जबरदस्त आहे, वाचाच. लेखकाने आयुष्यातून उचलायचं नाही तर कुठून, हा वाद पुन्हा कधीतरी. मला खटकते ती वेगळीच गोष्ट. झेबाल्टने मुलीचा मुलगा केला, म्युनिकचं प्राग केलं, इथवर ठीक. पण जुळ्यांचं एक झालं. त्याच्या नायकासोबत गाडीत बसलेली बहीण नाही. सुसीला निदान तक्रार करता आली. लोटे गोष्टीतून गळाली, आणि तिच्याकडून तक्रार करायला कुणी नव्हतं.

जेरुसलेममध्ये 'याद वाशेम' हे होलोकॉस्टचं स्मारक आहे. या हिब्रू शब्दांचा अर्थ स्मारक आणि नाव. मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंपैकी ४८ लाखांहून जास्त नावं त्यांनी आजवर एकेक करून जमवलीत. मरण तर आलंच, पण नाव तरी पुसलं जाऊ नये, म्हणून हा खटाटोप. पण ती यादी मारल्या गेलेल्यांची. रोझासारख्यांची. लोटे तर 'वाचली' होती ना! आउशवित्झच्या यादीत तिचं नाव नाही, आणि टाळ्या घेणाऱ्यांच्या रांगेतही नाही. दोन याद्यांच्या मधल्या फटीत ती पडली.

अशांची आठवण आपोआप टिकत नाही. ती कुणातरी एका माणसाच्या जिवावर उभी असते. लोटेची आठवण सुसीच्या जिवावर होती. आज दोघीही नाहीत. म्हणजे आता काम आपलं. पुढच्या वेळी ती स्टुडिओची क्लिप आली तर टाळ्या जरूर वाजवा. फक्त उभ्या राहिलेल्यांमध्ये एक रिकामी खुर्चीही धरा.

आणि ती श्रद्धांजली? सोपी नाही, पण लिहिता येते.

लोटे बेखहोफर. जन्म म्युनिक, १७ मे १९३६. मृत्यू वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ब्रिटनमधली युनिस म्हणून. आई रोझा, आउशवित्झला नेलेली. बहीण सुसी, जिने नाव परत आणलं. दोघींचं.