गाईला घास, पण किती?



गेल्या पितृपक्षात आमच्या घरी पानं वाढून झाली आणि गाईचा घास काढायची वेळ आली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटा गोठा आहे. मालकांना आम्ही सगळे ‘अन्ना’ म्हणतो. त्या वेळी ते दूध घालायला गेले होते. घरात भात बराच उरला होता, वाया कशाला घालवायचा म्हणून मी पातेलंभर भात, वर चार पोळ्या, असं सगळं गाईपुढे ठेवलं. तिनं चाटूनपुसून खाल्लं. पुण्य गाठीला बांधून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय बसून होती. चाऱ्याकडे बघत नव्हती, रवंथ करत नव्हती, शेण पातळ झालं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, त्या दिवशी आणखी दोन-तीन घरांतून असंच ताट आलं होतं. पशुवैद्य आले, औषध झालं, तिसऱ्या दिवशी ती उभी राहिली. दूध मात्र आठवडाभर कमीच होतं, आणि अन्नांचं घर त्या दुधावर चालतं. औषधाचे पैसे मी दिले, ते त्यांनी संकोचत घेतले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “अम्मा, चावल नक्को. सूखा चारा लाओ.”

हैदराबादी बोलीतला हा ‘नक्को’ आपल्या ‘नको’चाच सख्खा भाऊ. पण भात नको आणि वाळका चारा हवा, हे का? माझ्या लेकीनं विचारलं आणि मला उत्तर येईना. मग पशुवैद्यांना विचारलं, थोडं वाचलं. ते तुम्हालाही सांगते.

गवतातला कणखर भाग म्हणजे सेल्युलोज. तो फोडायचं पाचकरस गाईच्या शरीरात नाही, तसं ते आपल्याही शरीरात नाही. फरक इतकाच, की गाईनं हे काम करणारे कोट्यवधी भाडेकरू पोटात ठेवले आहेत. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. पहिलं कोटीपोट सगळ्यांत मोठं. मोठ्या गाईचं कोटीपोट शंभर लिटरच्याही पुढे जातं. आपल्या घरच्या आंबवणाच्या भांड्यासारखं ते उबदार असतं. त्यात जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव गवत सावकाश आंबवतात. त्यातून तयार होणारी आम्लं गाईच्या रक्तात जातात, आणि तिला लागणारी बहुतांश ऊर्जा तीच पुरवतात. पुढे खऱ्या पोटात हे सूक्ष्मजीवच पचतात आणि तिला प्रथिनं मिळतात. म्हणजे गाय आधी भाडेकरूंना जेवू घालते, मग स्वतः जेवते!

रवंथ या कामासाठीच. गाय दिवसातले सहा ते आठ तास घास परत तोंडात आणून चावते. त्यात खूप लाळ सुटते, आणि त्या लाळेत खाण्याच्या सोड्यासारखा क्षार असल्यानं पोटातलं आम्ल आटोक्यात राहतं. वाळका चारा जितका खरखरीत, तितकं चावणं जास्त, तितकी लाळ जास्त.

आता माझं पातेलं आठवा. शिजवलेला भात म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. तो चावावा लागत नाही, म्हणून लाळ कमी. आंबतो मात्र झपाट्यानं, म्हणून आम्ल जास्त. मग आम्ल सहन करणारे जिवाणू बळावतात, सेल्युलोज पचवणारे मरू लागतात आणि गाय आजारी पडते. प्रमाण मोठं असलं तर जिवावरही बेततं.

हे फक्त गाईचं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावर लामा नावाचा उंटाचा नातेवाईक चरतो. त्याच्या पोटाचे कप्पे चार नव्हे, तीन. पण काम तसंच. तो खाल्लेला चारा मेंढीपेक्षा जास्त वेळ पोटात ठेवतो, म्हणून तिथल्या उंच माळरानावरच्या राठ गवतातूनही पोषण काढतो. घाई न करणं, हीच या प्राण्यांची कमाई. आपल्या दख्खनच्या माळावरची मेंढीही उन्हाळ्यात सुकलं गवत आणि झुडपांचा पाला खाऊन तग धरते ती याच जोरावर.

गवताची किंमत त्याच्या पचनक्षमतेत असते, याचा एक पुरावा आपल्याच हैदराबादमध्ये आहे. २००४-०५ मध्ये आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या, पाटणचेरूच्या इक्रिसॅट आवारातून काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी शहरातल्या सहा मोठ्या कडबा व्यापाऱ्यांकडचा ज्वारीचा कडबा वर्षभर तपासला. कमी प्रतीच्या कडब्याची पचनक्षमता सुमारे ४७ टक्के, चांगल्याची सुमारे ५२ टक्के. फरक जेमतेम पाच टक्क्यांचा, पण भावात जवळजवळ एक-चतुर्थांश फरक! गवळ्यांकडे प्रयोगशाळा नव्हती. रंग बघून, पानं चाचपून, ताट मोडून त्यांनी जे ओळखलं होतं, तेच यंत्रानं नंतर सांगितलं. आपले आजोबा सोलापूर-मराठवाड्याकडे मालदांडीच्या कडब्याची पेंढी मोडून बघायचे, ते उगाच नव्हे.

तर यंदा आम्ही पद्धत बदलली. नैवेद्याचा घास तसाच, पण एक लहानसा घास आणि एकच पोळी, आणि तीही अन्नांना विचारून. उरलेला भात आता दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात होऊन आमच्याच पानात येतो. आणि अन्नांना आम्ही त्याच दिवशी हिरव्या चाऱ्याची एक पेंढी नेऊन देतो. भाजीची देठं, मटाराच्या शेंगा, कोबीची पानं थोडी दिली तरी चालतात, पण ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यावर टाकू नका. गाय पिशवीसकट गिळते, आणि पिशवी आंबवणारा भाडेकरू तिच्या पोटात नाही. ती कोटीपोटात साठतच जाते.

लेक म्हणाली, “आई, गाईला पुण्य द्यायचं तर तिच्या पोटाला विचारायला हवं.” अन्नांना हे सांगितलं तर ते हसले. तिला म्हणाले, “बेटी, गाय को पूछना नक्को, मेरे को पूछो.”

तुमच्या घरी गाईचा घास कसा निघतो? पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.