आर्कने जिवंत केलेली पृथ्वी

बर्फाच्या डोंगरात कडा कोसळतो आणि आर्क नावाचा मुलगा आत अडकतो. सोबत एक पहाडी बकरी, आणि शेजारी तिच्या जोडीदाराचं कलेवर. खायला काही नाही. तेव्हा ती बकरीच आर्कला सांगते, याला खा आणि जिवंत राहा. व्हिडिओ गेममध्ये इतका अवघड प्रसंग येईल आणि तोही एका बकरीच्या तोंडून, असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

हा गेम म्हणजे ‘टेरानिग्मा’. जपानमधल्या क्विंटेट या छोट्या कंपनीने तो घडवला आणि एनिक्सने ऑक्टोबर 1995 मध्ये सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रावर आणला. जर्मनीत शिकत असताना जुन्या सामानाच्या बाजारात त्याचं कार्ट्रिज माझ्या हाती लागलं. त्यातले संवाद जर्मनमध्ये होते. ते वाचता वाचता माझी भाषाही सुधारली आणि या गेमवर माझा जीव जडला.

आर्कचं गाव पृथ्वीच्या पोटात आहे. उघडू नये असं दार तो उघडतो आणि गावातली माणसं गोठून जातात. त्यांना सोडवायला त्याला पाच मनोरे पार करावे लागतात. एकेक मनोरा सर झाला की वरच्या, मेलेल्या जगात एकेक खंड पुन्हा वर येतो. ही आपलीच पृथ्वी आहे. नकाशा पाहताच आफ्रिका ओळखू येते. पुढे आर्क स्वतः वर जातो तेव्हा तिथे गवताचं पातंही नसतं. तो आधी झाडं जागी करतो, मग पक्षी, मग प्राणी, आणि सगळ्यात शेवटी माणूस.

या क्रमातच गेमचं सारं दुःख आहे. माणसं नसतात तोवर आर्कला झाडांचं आणि प्राण्यांचं बोलणं कळतं. लाईम नावाच्या सिंहाच्या छाव्याला बापाने घातलेल्या परीक्षेत तो साथ देतो, त्यांची मैत्री होते. पण माणूस जागा झाला की ही समज आर्कला सोडून जाते. ज्यांच्याशी सुखदुःखाच्या गोष्टी केल्या, ते पुन्हा मुके होतात. बहुतेक गेममध्ये नायक पुढे जाईल तसं त्याच्या पदरात काहीतरी पडत जातं. इथे जग भरत जातं आणि आर्क रिता होत जातो. निर्मितीची किंमत निर्मात्याकडून वसूल करणारा दुसरा गेम मला तरी माहीत नाही.

माणसं आली की गावं वसतात. आर्क एका गावची खबर दुसऱ्या गावी पोचवतो, लोकांची कामं करतो. मग दुकानं वाढतात, घरं मोठी होतात. हे केलंच पाहिजे असं नाही. तरी मी प्रत्येक गावाच्या मागे लागायचो. पोटच्या लेकराला वाढवावं तसं ते काम वाटायचं.

उणिवा आहेतच. जादूचे दगड जवळ असतात, पण ते वापरण्याची गरज क्वचितच पडते. सिल्व्हेन किल्ल्यातली ब्लडी मेरी ही शत्रू तर पुरेशी पातळी गाठल्याशिवाय आर्कच्या भाल्याला दादच देत नाही. तिथे चिकाटी लागते. पण मियोको कोबायाशी आणि मासानोरी हिकिची यांचं संगीत अशा वेळी धीर देतं, आणि आर्कचं भाला चालवणं, उडी मारून केलेला वार, हे सगळं आजही हाताला गोड लागतं.

शेवट तर विलक्षण आहे. जगाचं काम संपलं की आर्कचंही काम संपतं. त्याला गावात एक अखेरचा दिवस मिळतो. त्या रात्री तो झोपतो आणि स्वप्नात पक्षी होऊन आपण घडवलेल्या जगावरून उडत राहतो.

मग हा गेम मागे का पडला? वेळ चुकली. एनिक्सने 1995 मध्येच आपली अमेरिकेतली शाखा बंद केली, त्यामुळे तिथे तो कधी विकलाच गेला नाही. युरोपात तो 1996 च्या अखेरीस पोचला, तेव्हा प्लेस्टेशन येऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि सगळ्यांचे डोळे त्रिमितीय चित्रांकडे लागले होते. सपाट चित्रांच्या जुन्या यंत्रावरचा नवा गेम कोण घेणार? ‘सोल ब्लेझर’ आणि ‘इल्यूजन ऑफ गाया’ हे क्विंटेटचे आधीचे गेम निदान अमेरिकेत तरी पोचले. त्या दोन्हींत जे अर्धवट उमटलं होतं ते ‘टेरानिग्मा’त पूर्ण उतरलं, आणि नेमका तोच वाटेत अडकला.

क्विंटेटचं काम केव्हाच थंडावलं. एनिक्स आणि स्क्वेअर या कंपन्या 2003 मध्ये विलीन होऊन स्क्वेअर एनिक्स झाली. त्या काळातले कितीतरी गेम नव्या यंत्रांवर परत आले, हा मात्र आला नाही. स्क्वेअर एनिक्सने तो आहे तसा, एक रेघही न बदलता, पुन्हा विकायला काढावा. नव्या मुलांनी त्या छाव्याशी एकदा तरी बोलावं, एवढीच माझी इच्छा आहे.